सहावा चेहरा

जनाचं बोट पुन्हा तक्त्यावरच्या सहाव्या चेहऱ्यावर टेकलं. चित्रातलं तोंड वाकडं, डोळ्यांतून धारा.

"एवढं दुखतंय?" डॉक्टर विनितानं विचारलं.

सहा वर्षांच्या जनानं स्टुलावरच्या आजीकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

हर्नियाचं ऑपरेशन काल सकाळी झालं होतं. भूल विनितानंच दिली होती. पोरांना दुखणं शब्दांत सांगता येत नाही, म्हणून हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता तिनं कर्जतच्या या छोट्या नर्सिंग होममध्ये हौसेनं लावला होता. काल तो दाखवताना ती म्हणाली होती, "ज्याला जास्त दुखतं, त्याला औषध."

"कुनाला पन?"

"कुणालाही."

तेव्हापासून तीन वेळा सहावा चेहरा, तीन वेळा संत्र्याच्या चवीचं औषध. आता ही चौथी खेप.

पण काही जुळत नव्हतं. नाडी ब्याण्णव, वयाला साजेशी. पोट मऊ. पोरीनं वाटीभर पेज संपवून कॉटवर सागरगोटे मांडले होते.

"मॅडम, एक तर तुमचा तक्ता खोटा, नाहीतर माझे टाके," सर्जन देवेश म्हणाले. "टाक्यांची शंका असेल तर पनवेलला पाठवू. गाडी सांगतो."

विनिता आजीकडे वळली. "हिला खरंच एवढं दुखतंय?"

"आमच्यात दुखनं कुनी सांगत नाय, डॉक्टरीनबाई," कडावच्या गोदूबाई म्हणाल्या. "भात झोडताना नख उखडलं तरी गप. ही सांगती म्हंजी असनारच." गुडघ्यावर हात रोवून त्या उठल्या आणि बाटली भरायला बाहेर गेल्या.

विनिता कॉटवर टेकली. "जना, तुला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. परत सुई टोचतील."

"मला? कशाला?"

"तुला एवढं दुखतंय ना?"

जनानं तक्ता ओढला आणि पहिल्या, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "मी तर ही हाय."

"मग इतक्या वेळा तो रडका चेहरा कुणाचा दाखवलास?"

दारात गोदूबाई भिंत धरून पाय ओढत येत होत्या. जनानं तिकडे पाहिलं आणि विनिताच्या कानाशी तोंड नेलं.

"ती सांगत नाय, म्हनून मी सांगते. आनि तुमी औषध सारखं मलाच पाजता!"