शेवाळपंखीची शेवटची मादी

तिलारीच्या जंगलात मूळ शेवाळपंखी फुलपाखराची एकच मादी उरली होती आणि वनरक्षक प्रतिभा गवस सकाळपासून तिच्यावर नजर ठेवून होती. तेवढ्यात मनगटावरचं यंत्र वाजलं. वाढता उष्मा सोसावा म्हणून प्रयोगशाळेत जनुकं बदलून वाढवलेला एक नर इकडेच येत होता. असे नर दिसले की पकडून मारायचे, असा हुकूम होता. प्रतिभाने आजवर चाळीसेक मारले होते.

तिने जाळी उचलली, पण आधी संशोधन केंद्राच्या डॉ. केरकरांना फोन लावला.

"सर, मूळ जातीचा नर आता कुठेच नाही?"

"नाही. पण संकर झाला तर मूळ जात संपली, प्रतिभाताई."

"आणि नाही झाला तर?"

"तरी संपेलच," केरकर म्हणाले. "पण शुद्ध राहून."

नर मादीभोवती घिरट्या घालू लागला होता. प्रतिभाने जाळी खाली ठेवली आणि तसं त्यांना सांगूनही टाकलं.

चौथ्या दिवशी एका वेलीच्या पानामागे अकरा अंडी दिसली. केरकर स्वतः आले, अंडी नष्ट करायच्या औषधाची बाटली घेऊन. भिंगातून ते बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात एक मुंगळा पानाकडे सरकला. केरकरांनी चटकन तो बोटाने उडवला आणि मग स्वतःच थबकले.

बाटली पिशवीत टाकत ते म्हणाले, "बुंध्याला तेलाचं फडकं बांधा. मुंगळे वर चढायचे नाहीत."