नमुन्यादाखल एक लग्न

"याच्याहून मोठं दिसंल का?" लॅपटॉपवर वाकून दशरथ म्हणाले.

श्रद्धानं खुर्ची मागं सारली. "दिसेल की. थांबा, टीव्हीला जोडते."

कर्जतच्या बाजारात, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा फोटो स्टुडिओ होता. भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही होता, पण त्यावर बातम्या किंवा मालिका कधी लागल्या नव्हत्या. गिऱ्हाईक आलं की ती टीव्हीचाच मॉनिटर करायची. केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं टीव्हीच्या मागं. रिमोटनं इनपुट बदललं की झालं.

दशरथांनी आल्याआल्याच सगळं सांगून टाकलं होतं. राहणार शेलूचे. मुलीचं लग्न फाल्गुनात. फोटो-व्हिडिओचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायचंय, तर आधी एखादं लग्न नमुन्यादाखल बघावं म्हणून आलो. सकाळी वालाच्या शेंगा बाजारात घालून ते तसेच इकडे आले होते. तळाशी थोड्या शेंगा उरलेली गोणी दुमडून त्यांनी पायाशी ठेवली होती.

टीव्हीवर लग्नांची यादी उघडली. गावाचं नाव, पुढं तारीख. दशरथ उठून जवळ गेले आणि खालून तिसऱ्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे दाखव. खोपोलीचं."

"ते अगदी साधं आहे, काका. छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं. नेरळचं बघा, त्यात ड्रोनपण आहे."

"साधंच बघू. आमचंबी साधंच हाय."

श्रद्धानं खोपोलीचं लग्न लावलं. नवरी पाटावर बसत होती. चेहरा लालभडक, शालू डोळ्यांत खुपेल असा हिरवा.

"ही अशी लाल का दिसती?" दशरथांनी विचारलं.

"टीव्ही आपल्या मनानं रंग चढवतो. कंप्युटरसाठीची सेटिंग वेगळी असते." तिनं रिमोटवर दोन-तीन बटणं दाबली. लाली उतरली. सावळा, थोडा थकलेला चेहरा पडद्यावर स्थिर झाला.

"आता बराबर," दशरथ म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. दशरथांनी मंडपाची सजावट कुणाची ते विचारलं, आवाज स्वच्छ येतो म्हणाले. मग नुसते बघत राहिले. मांडीवरचे हात तेवढे एकमेकांत गुंतले होते.

"मुलीकडचं कोण उभं हाय?"

"तिचे मामा. कन्यादान त्यांनीच केलं."

"बरं केलं त्यांनी." थोड्या वेळानं त्यांनी पडद्याच्या डाव्या बाजूला हात केला. "इथं नवरीचं अर्धं तोंड कापलंय. तुझ्याकडून राहिलं का?"

"माझ्याकडून नाही, काका. टीव्ही चित्र ताणतो, मग कडा बाहेर जातात." तिनं पुन्हा रिमोट घेतला. चित्र चारी बाजूंनी आत आलं. नवरी आता पूर्ण दिसली. पाहुण्यांच्या गर्दीत, हातात हार धरून ती हॉलच्या दाराकडे बघत होती. आजूबाजूचे सगळे हसत होते. ती हसत नव्हती.

"थांबव जरा."

श्रद्धानं थांबवलं.

"कुणाची वाट बघती?"

"कोणी यायचं राहिलं असेल."

दशरथांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही लगेच लावला नाही. खाली रस्त्यावर रिक्षावाले शेअरच्या प्रवाशांना हाका मारत होते.

"पाणी देऊ, काका?"

"नको. चालू कर."

पंगत सुरू झाली. नवरा वाढपी असल्यासारखा जिलेबीचं ताट घेऊन फिरत होता.

"हा नवराच ना? वाढतो काय?"

"सगळ्यांचं होईपर्यंत जेवला नाही तो. मी ओरडले, तरी ऐकलं नाही."

"दारू वगैरे?"

श्रद्धा हसली. "नमुना फोटोंचा बघताय की जावयाचा?"

दशरथही ओशाळं हसले. "आता कुटं बी लग्न बघितलं, की असंच होतं बघ. पोरीचा बाप हाय ना."

"नाही पीत," ती म्हणाली. "खोपोलीला कंपनीत आहे. वेळेवर घरी येतो, असं ऐकलंय."

शेवटच्या तुकड्यात नवरी मैत्रिणींच्या घोळक्यात होती. कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती मान मागं टाकून हसली. मोठ्या पडद्यावर ते हसू भिंतभर पसरलं. दशरथांनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांच्याही ओठांवर काहीतरी हललं.

"एवढंच?"

"हे तुकडे आहेत, काका. पूर्ण जोडून सोमवारी तयार होईल. तेव्हा या, याच टीव्हीवर सगळं नीट बघा."

त्यांनी गोणी उचलली. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"एकट्यानं बघून काय ठरवणार? तिच्या आईलाबी दाखवाया पायजे. तिलाबी घेऊन येतो."

"जरूर आणा. अकरा वाजता?"

"अकराला येतो, बाय." जाताना त्यांनी खिडकीत वर्तमानपत्रावर गोणीतल्या उरलेल्या शेंगांचे ओंजळीएवढे दोन ढीग ठेवले. "घरी ने. कवळ्या हायत."

ते जिना उतरून, रस्ता ओलांडून, शेलूकडच्या टेंपोत बसेपर्यंत श्रद्धा खिडकीत उभी होती. टेंपो वळला, तसा तिनं फोन लावला.

"हर्षला वहिनी, सोमवारी सुट्टी टाक. दादाला घेऊन अकराला इथं ये. तुझे आईबाबा तुमचं लग्न बघायला येतायत."