गरिबीची पाहणी

कारखान्यातल्या अपघातात नवरा गेला आणि भरपाईचा दावा आम्ही हरलो. अपिलाची फी भरणं आवाक्याबाहेरचं, म्हणून माफीचा अर्ज केला. आज आमची गरिबी तपासायला कोर्टाचे साहेब घरी आले. पाहुण्यासमोर लाज जायला नको म्हणून सासूबाईंनी सकाळीच शेजारणीकडून गादीची खुर्ची, काचेचे कप आणि टेबलफॅन उसना आणून ठेवला होता. साहेब ऐसपैस बसले, घाम पुसत चहा प्यायले. “फॅन नवा दिसतोय की,” ते म्हणाले. “शेजारचा आहे, साहेब. खुर्चीसुद्धा,” मी घाईनं सांगितलं. “काहीतरीच काय बोलतेस गं?” सासूबाईंनी डोळे वटारले. “आमचंच आहे सगळं. माझा मुलगा कमावता होता.” साहेबांनी तेवढं लिहून घेतलं. निघताना म्हणाले, “आजी, या पाहणीत सगळे रडगाणंच गातात. तुमच्यासारखं खरं बोलणारं माणूस क्वचित भेटतं.” मुलगा गेल्यापासून सासूबाई पहिल्यांदा हसल्या.