लाल झगा

"ते निशाण काढ मावशी," केओकी दारातूनच म्हणाला. "दुपारी शहरात आपल्या बेटांच्या राणीचं निशाण उतरणार, गोऱ्यांचं चढणार. गोऱ्यांची पलटण रस्त्यानं फिरतेय. उगाच कशाला त्यांच्या डोळ्यांवर यायचं?"

केओकीच्या अंगावर गोऱ्या सरकारच्या पोलिसाचे कपडे होते. नवे कोरे. नाओनेनं भाच्याला नखशिखांत न्याहाळलं.

"बटणं छान आहेत रे. तुझी आई असती, तर एकेक उपटून तुलाच गिळायला लावली असती."

आणि ओसरीवरचं निशाण तिनं मुकाट्यानं उतरवून त्याच्या हातात दिलं.

आत पलंगावर कळा देत पडलेल्या तिच्या सुनेनं, कापेकानं, हे सगळं ऐकलं. इतक्या सहज?

कळ.

मूल राणीच्या निशाणाखाली जन्मावं. कापेकाचं एवढंच मागणं होतं. राणीसाठी तुरुंगात गेलेल्या बापाला तिनं गजांतून हात धरून तसा शब्द दिला होता.

आणि ही सासू! दिवस भरत आले तरी बाळाला एक अंगडं शिवलं नाही. शिवत बसली गोधडी. हिरव्या नीरफणसाच्या पानांची. तीही कुणाला हात लावू देईना. आज पहाटे ती पलंगाच्या खांबांवर छतासारखी ताणली आणि खालून पांढरी चादर टाचून टाकली. म्हणे, आढ्यातून पाली पडतात. कापेकाचा लाल झगा नाहीसा झाला तोही याच दिवसांत. लग्नाच्या जेवणात पोई, अळकुड्यांची लापशी, सांडून डाग पडलेला झगा. विचारलं तर म्हातारीनं कानांवर हात ठेवले होते.

कळ. कळ.

"मी लहान होते तेव्हा राजवाड्यात युवराज जन्मला," तिची पाठ चोळत नाओने म्हणाली. "काय त्या तोफा! आमच्या कोंबड्या आठवडाभर अंडी घालेनात."

"आई, आज तोफांचं नाव काढू नका."

पण तोफेनंच आपलं नाव काढलं. दूर शहरातून. धडाम. मग पुन्हा.

"उतरलं," ओसरीवर केओकी पुटपुटला.

कापेकानं मांड्या घट्ट मिटल्या.

"अगं, डोकं दिसतंय!"

"दिसू दे. त्यांच्या राज्यात मी मूल होऊ देणार नाही."

"मरेल ते!"

"मग बाबांना काय सांगू? तुम्ही काठीवरचंसुद्धा देऊन बसलात!"

कळ. तिनं ती दात ओठ खाऊन अडवली.

नाओने उठली. गुडघे कटकट वाजवत पलंगावर उभी राहिली. छताच्या कोपऱ्याशी तोंड नेलं आणि दातांनी टाक्यांचा दोरा तोडून ओढला. सर्रकन चादर खाली आली.

"उताणी हो. वर बघ."

कापेकानं वर पाहिलं.

पांढरा. लाल. निळा. पुन्हा पांढरा.

राणीच्या निशाणाचे सगळे आठ पट्टे. गोधडीची दुसरी बाजू. उभ्या माणसाला कडेनं लोंबणारी पानं दिसत होती. निजलेल्या बाईला तिचं राज्य दिसत होतं. मधल्या लाल पट्ट्यावर, अगदी तिच्या डोळ्यांसमोर, पोईचा डाग होता.

"काठीवरचं ते उतरवतील," सासू म्हणाली. "हे उतरवायला त्यांना आधी बाळंतीण होऊन इथं निजावं लागेल. सोड आता."

कळ.

कापेका ओरडली. अशी की ओसरीवर केओकीच्या हातातलं निशाण खाली पडता पडता राहिलं.

मग दुसरा आवाज आला. बारीक, चिडका, जिवंत. आणि त्याच क्षणी शहरातून पुन्हा तोफा सुटल्या. नव्या निशाणासाठी.

केओकी दारात आला. टोपी काखेत. नजर जमिनीवर.

"काय झालं, मावशी?"

"मुलगी." नाओनेनं ओलं, लालेलाल बाळ दोन्ही हातांत छताजवळ उंच धरलं. तोफा वाजतच होत्या. "पळत जा, आणि तुझ्या साहेबांना सांग, आमच्या मुलीची सलामी पोचली."