माहिती अपुरी

सकाळचा चहा होईपर्यंत संध्याकाळच्या सामन्याचा निकाल मोबाईलवर आलेला असे. खेळाडूंच्या मनगटावरच्या पट्ट्यांवरून यंत्र तो सांगे, आणि तो कधीच चुकत नसे. त्यामुळे इचलकरंजीचा कबड्डीवेडा सुभाष मगदूम हल्ली सामने बघेनासा झाला होता.

त्या रविवारी मात्र त्याची बायको शैला स्वतःच शाळेच्या मैदानात उतरली. लग्नानंतर खेळ सुटलेल्या मैत्रिणींना गोळा करून तिने दोन संघ केले होते. कुणीतरी यंत्राला निकाल विचारला, तर उत्तर आलं, ‘माहिती अपुरी.’ ही बातमी गावभर झाली आणि मैदान माणसांनी भरून गेलं.

गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई शैलाची होती. तिने एकीला शिवलं, तोच तिघींनी तिचे पाय धरले. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत ती मध्यरेषेकडे सरपटू लागली.

“शैले, हात लांब कर!” सुभाष कुंपणावर चढून ओरडला.

बोटं रेषेला टेकली. एकच जल्लोष झाला. सुभाष धावत तिच्याजवळ आला आणि छातीवर हात ठेवून मटकन खाली बसला.

“अहो, काय होतंय?” ती घाबरली.

“धडधडतंय गं,” तो डोळे पुसत हसला, “किती वर्षांनी!”