मोटारीतली बाई

तुळसाला पहिला मुलगा झाला त्या साली, म्हणजे १९३१ला, तिच्या मेलेल्या बापाची, भागोजीची, ट्रंक मुंबईहून सावर्ड्याला आली. तळाशी एक जुना फोटो निघाला. मोटारीत एक नटवी बाई ऐटीत रेलून बसली होती आणि तिच्या नाकात भागोजीच्या बायकोची, चिमाची नथ होती. तुटलेला फासा डाक लावून सांधून आणतो म्हणून त्यानंच ती नेली होती. चिमा फोटो घेऊन तडक गावी आलेल्या लवू ड्रायव्हरकडे गेली. तो मुंबईत भागोजीच्याच खोलीवर राहिलेला.

"ही तर आमच्या शेटची फोर्ड! हा चेपलेला कंदील माजीच करामत," लवू म्हणाला.

"गाडी ऱ्हाऊं दे. ही सटवी कोन, तिचा पत्ता सांग. नथ घेतल्याबिगर मी पानी पिनार नाय."

लवूला हसू आवरेना. "वैनी, शिमग्याला मुंबईत आमच्या नमनाच्या खेळात राधा कोन नाचायचा? मिशी काढलेला तुमचा घोव वळाकलात नाय?"

चिमानं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"बरी नाचायची काय रे?"

"तिच्यावानी कोन नाय, वैनी."

भागोजी ट्रंक आली त्याच वर्षी माघी अमावास्येला वारला होता, पुन्हा राधा नाचायला शिमगा पंधरा दिवसांवर असताना.