खेकड्याच्या पाठीवरची मिर्तो

घणाचा घाव बसला आणि नव्या ठशाचं पहिलं नाणं बाहेर आलं. ठसा कोरणाऱ्या दामोनने ते उजेडाकडे धरलं. व्रण भलत्याच भुवईवर आला होता.

टांकसाळीचा मुकादम खांद्यावरून डोकावला. त्याला दिसला तो नेहमीचा खेकडा, अक्रागास शहराचा. "झकास. तुझा खेकडा बघितला की भूकच लागते बघ," असं म्हणत त्याने घणवाल्यांना कामाला जुंपलं. कवचावरच्या रेघांत दडलेला चेहरा त्याला कुठून दिसणार! चांदीच्या नाण्यावर एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला खेकडा. तिसरं काही कोरायची परवानगीच नव्हती. म्हणून दामोनने आपली लेक तिथे लपवली होती, माहीत असेल त्यालाच दिसावी अशी.

मिर्तो तापाने गेली त्याला दोन हिवाळे झाले. गेल्या द्राक्षांच्या हंगामात त्याची बायको फिलिस्टा चुलीपाशी बसून म्हणाली, की हल्ली पोरीचा चेहराच आठवत नाही; डोळे मिटले की नुसतं तिचं पिवळं वस्त्र दिसतं. त्या दिवसापासून तिचं अन्नावरून मन उडालं. ती खंगतच चालली. तेव्हा दामोनने ठरवलं, लेकीचा चेहरा हिच्या हातात आणून ठेवायचा.

आणि केलं काय, तर माती! ठसा उलटा कोरायचा असतो, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. तीस वर्षं त्याने गरुड आणि खेकडे उलटेच कोरले होते. पण त्या रेघा कोरताना पोर समोर येऊन बसल्यासारखी वाटली, आणि दिसली तशी त्याने ती सरळ कोरून टाकली. उजव्या भुवईवरचा व्रण नाण्यावर डाव्या भुवईवर गेला, तिरकं हसू दुसऱ्या गालावर. ठसा आता दुरुस्त होण्यातला नव्हता.

तरी मुकादमाला विचारून, मजुरीपोटी ते नाणं घेऊन तो घरी आला. फिलिस्टा मसूर निवडत बसली होती.

"कवचावर नीट बघ," तो खालमानेने म्हणाला. "मिर्तो कोरायला गेलो होतो. चुकलो गं. उलटी झाली."

फिलिस्टा नाणं घेऊन दारापाशी गेली. खेकड्याच्या पाठीवरून तिने अंगठा फिरवला.

"तुम्ही तिला समोरून बघायचात," ती म्हणाली. "मी रोज सकाळी तिच्या मागे बसून वेणी घालायचे. ती आरशातून माझ्याकडे बघून हसायची. अशीच."

मग नाणं गालाशी धरून ती हमसाहमशी रडायला लागली.

"आरसा तिच्यासोबतच पुरला आपण. तेव्हापासून हिला शोधत होते मी."